पटावरून आधी कोण उठतं?

पुढच्या वेळी घरात एखादा बैठा खेळ मांडाल, तेव्हा जिंकतं कोण यापेक्षा आधी उठतं कोण याकडे लक्ष द्या. कुणीतरी उठतंच. धाकट्याची सोंगटी तिसऱ्यांदा मारली गेली की तो रुसून आतल्या खोलीत जातो. काकू पाळीची वाट बघून कंटाळतात, कुकर बघून येते म्हणतात आणि परत येत नाहीत. बुद्धिबळ खेळणारे काका ‘यात नुसतं नशीबच आहे’ म्हणत वर्तमानपत्र उघडतात. तिघांनी पट सोडला तो तीन वेगळ्या कारणांनी. नवा खेळ बनवू पाहणाऱ्याने पुस्तकं आणि व्हिडिओ यांच्या आधी या तीन कारणांचा अभ्यास करावा, असं मी गेली काही वर्षं पुठ्ठे कापून, खेळ मांडून आणि मोडून शिकले आहे.

खेळ बनवायचा म्हटलं की बहुतेक जण विषयापासून सुरुवात करतात: किल्ल्यांवरचा खेळ, वारीवरचा खेळ, शेतीवरचा खेळ. विषय हवाच, पण तो दुसऱ्या दिवशी ठरवला तरी चालतो. पहिल्या दिवशी वहीत माणसं लिहा. तुमच्या पटाभोवती खरोखर बसणारी चार-पाच नावं, आणि प्रत्येकापुढे तो माणूस एरवी कशात रमतो ते. पत्त्यांना हात न लावणारी वहिनी अंताक्षरीत रात्री बारापर्यंत बसत असेल, तर तिला माणसं आणि आवाज हवेत. कॅरममध्ये राणी घेण्यापेक्षा समोरच्याची सोंगटी अडवण्यात ज्याला आनंद होतो, तो वेगळा. आणि डाव संपल्यावरही ‘तू तेव्हा ती सोंगटी हलवली असतीस तर’ असं तासभर बोलणारा आणखी वेगळा. ही यादी पुढे प्रत्येक नियमासमोर धरून पाहायची आहे, म्हणून ती मनात न ठेवता कागदावरच करा.

खेळाडूंचे प्रकार पाडण्याचे प्रयत्न बरेच झाले आहेत. त्यांतला सर्वांत गाजलेला रिचर्ड बार्टल यांचा. संगणकावर एकाच वेळी अनेकांनी खेळायच्या, निव्वळ शब्दांतून उभ्या राहिलेल्या ‘मड’ या खेळावर त्यांनी इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात काम केलं होतं. १९९६ च्या लेखात त्यांनी चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवत राहणारे, कानाकोपरा धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करण्यात मजा वाटणारे. त्याच्याही कितीतरी आधी, १९५८ मध्ये, रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने खेळातल्या सुखांचेच चार भाग केले होते: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. आपल्याकडची उदाहरणं घ्यायची तर कुस्ती, फासे, भातुकली आणि फुगडी.

पटावरच्या खेळासाठी मला कायवा जास्त कामाचे वाटतात. बार्टल माणसांची वर्गवारी करतात. ती महिनोन्महिने चालणाऱ्या खेळाला ठीक आहे, कारण तिथे ज्याला जे हवं तिकडे तो निघून जातो. तुमच्या पटाभोवतीची माणसं मात्र एक तास एकाच सतरंजीवर बसणार असतात, आणि तोच काका नातवासोबत असला की जिंकणं विसरून सोंगं काढतो. म्हणून ‘हा असला खेळाडू’ असा शिक्का मारू नका. ‘आज याला कोणतं सुख हवं असेल’ एवढंच विचारा. भोवळीचं सुख पटावर फारसं देता येत नाही. ठोकळ्यांचा मनोरा कोसळताना जे होतं तेवढंच. बाकीची तीन मात्र पुठ्ठ्यावरही देता येतात.

इथे एक चूक हमखास होते, आणि मीही ती केली. चार प्रकारची माणसं आहेत ना, मग खेळात चार विभाग करू या. हुशारांसाठी कोडी, नशीबवाल्यांसाठी फासा, बोलक्यांसाठी अभिनयाचे पत्ते, भांडकुदळांसाठी लढाई. माझ्या पहिल्या खेळाचे नियम अकरा पानं झाले होते. खेळताना दर वेळी एक जण खूश आणि तिघं थांबलेले. प्रत्येकाला आपला पदार्थ मिळाला, पण पंगत अशी बसलीच नाही.

वेगवेगळ्या माणसांना एकत्र बांधणारा खेळ वेगळ्या तऱ्हेने बनतो. त्यात मधोमध एकच कृती असते, आणि ती कृती प्रत्येकाला वेगळी दिसते. ‘कटान’ हे याचं सगळ्यांत स्वच्छ उदाहरण. क्लाउस टॉयबर या जर्मन दंततंत्रज्ञाने बनवलेला हा खेळ १९९५ मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीतला वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. १९ षटकोनी तुकड्यांचं बेट, लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज असा पाच प्रकारचा माल, आणि आधी १० गुण करणारा जिंकतो. दोन फासे टाकायचे. जो आकडा पडेल त्या आकड्याच्या तुकड्याशेजारी ज्याची वस्ती, त्याला माल. मग ज्याची पाळी त्याने इतरांशी मालाची अदलाबदल करायची आणि रस्ते, वस्त्या बांधायच्या.

आता ही अदलाबदल कोण कशी पाहतो ते बघा. बोलक्या माणसाला ती भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी रंगते. हिशेबी माणूस मनात मोजत असतो की याला आत्ता वीट दिली तर पुढच्या फेरीत तो माझ्या वाटेत रस्ता घालेल. कुरापतखोर देतच नाही, अडून बसतो, आणि ७ पडला की चोराची सोंगटी उचलून आघाडीवरच्याच्या तुकड्यावर नेऊन ठेवतो. नशिबावर भरवसा ठेवणाऱ्याला फासा पुरतो. नियम एकच, सुखं चार. तुम्ही खेळ आखताना आधी ही मधली कृती शोधा. ती दोन वाक्यांत सांगता आली नाही तर बाकीचे नियम लिहायला घेऊ नका.

दुरून सांगण्यापेक्षा मी एक खेळ तुमच्यासमोरच उभा करते. नाव ‘आठवडी बाजार’, खेळाडू तीन ते पाच. ज्वारी, गूळ, मिरची, कांदा आणि शेंगदाणे असे पाच माल, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण ६०. प्रत्येकाला सुरुवातीला सहा पत्ते. बाजार सहा भरतात. प्रत्येक बाजारात आधी एक फासा टाकायचा. एक ते पाच या आकड्यांना एकेक माल ठरवलेला. जो पडेल त्याला त्या दिवशी मागणी, म्हणजे त्या मालाला दोन रुपये जास्त. सहा पडला तर पाऊस, आणि सगळ्यांचाच भाव एक रुपयाने उतरतो. मग तीन मिनिटं सगळ्यांनी एकाच वेळी, हव्या तेवढ्या मोठ्याने, एकमेकांशी पत्त्यांची अदलाबदल करायची. वेळ संपली की प्रत्येकाने एक पत्ता पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी मिळून उघडायचा. तो माल एकट्याने आणला असेल तर पाच रुपये. दोघांनी आणला तर प्रत्येकी तीन. तिघांनी किंवा जास्त जणांनी आणला तर प्रत्येकी एक. बाजार उठला की प्रत्येकाने गड्डीतला एक पत्ता घ्यायचा.

समजा मिरचीला मागणी आली. एकट्याने आणली तर सात रुपये. पण सात रुपये सगळ्यांनाच दिसतात, म्हणून तिघं मिरची आणतील आणि प्रत्येकाला तीनच मिळतील. मग शहाणा माणूस गूळ आणून निवांत पाच घेतो. पण दोघांनी तसा शहाणपणा केला तर? इथे काका बोटांवर हिशेब करायला लागतात. काकू मात्र समोरच्याचा चेहरा वाचतात आणि काकांइतक्याच वेळा बरोबर येतात. लहान मुलांना पत्ता उघडण्याचा क्षण हवा असतो. ती हिशेब न करता खेळतात आणि अधूनमधून मोठ्यांना हरवतात, ते त्यांना फार आवडतं.

गोष्टीत रमणाऱ्यासाठी प्रत्येकाला सुरुवातीला एक गुपित पत्ता दिला: घरचं काम. ‘लेकीच्या डोहाळजेवणाला गूळ-शेंगदाणे राखून ठेवायचे’, ‘आजोळी जाताना ज्वारी न्यायची’. शेवटी तो माल हातात उरला तर सहा रुपये जास्त. या एका पत्त्याने बोलण्याचा सूर बदलतो. गूळ देत नाही म्हटल्यावर माणसं ‘का हो, घरात काही कार्य आहे का?’ असं विचारायला लागतात. नियमांत भर पडली ती एका ओळीची.

आता दैवाचा भाग. फासा किती असावा हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न आहे तो फासा कधी पडतो याचा. साप-शिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. मराठी परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्यात दान पडतं आणि सोंगटी जाते, खेळाडूने ठरवायचं काहीच नाही. शिकवणीच्या खेळाला ते शोभतं, कारण तिथे शिडी सद्गुणाची आणि साप दुर्गुणाचा. पण बुद्धिबळवाल्या काकांना तिथे जागा नाही. सारीपाटात दान आधी पडतं आणि कोणती सोंगटी चालवायची ते नंतर ठरवायचं असतं. दैव आधी आणि निर्णय नंतर, म्हणजे वाईट दानातूनही माणूस काहीतरी करू शकतो. याच्या उलट, निर्णय आधी आणि फासा नंतर, म्हणजे ‘हल्ला करतो, बघू या पडतं का’. ही धडधड नशीबवाल्यांना आवडते, पण विचार करून केलेली चाल फाशाने फुकट गेली की हिशेबी माणूस चिडतो. मिश्र वयाच्या घोळक्यासाठी फासा आधी ठेवा. आठवडी बाजारात तो आधी आहे, तो याच कारणासाठी.

एक आणि दोन फाशांतला फरकही ध्यानात ठेवा. एका फाशाचे सहाही आकडे सारख्याच वेळा पडतात. दोन फाशांच्या बेरजेच्या ३६ शक्यता. त्यांत ७ येण्याच्या सहा, ६ आणि ८ येण्याच्या पाच-पाच, २ आणि १२ येण्याची एक-एकच. म्हणजे दोन फासे आले की अंदाज बांधणाऱ्याला काम मिळतं. चार अर्धे चिंचोके टाकले तर आणखी वेगळी वाटणी मिळते. ते दोन्ही बाजूंना सारखेच पडतात असं धरलं तर दोन पांढरे वर येण्याच्या १६ पैकी सहा शक्यता, एक किंवा तीन येण्याच्या चार-चार, आणि चारही पांढरे किंवा चारही काळे येण्याची एक-एक. म्हणूनच चिंचोक्यांवर खेळायच्या चल्लस-आठमध्ये मोठं दान पडलं की घर ओरडतं. प्रत्यक्षात चिंचोके अगदी सारखे पडत नाहीत. शंभर वेळा टाकून वहीत मोजा आणि मगच नियम ठरवा.

काकू का उठल्या, याचं उत्तर साध्या गणितात आहे. पाच खेळाडू, प्रत्येकाची चाल दोन मिनिटांची, म्हणजे आपली पाळी पुन्हा येईपर्यंत आठ मिनिटं गेली. आठ मिनिटांत माणूस उठतोच. यावर तीन उपाय मला माहीत आहेत. दुसऱ्याच्या पाळीतही आपल्याला काही मिळावं, जसं कटानमध्ये फासा कुणीही टाकला तरी माल सगळ्यांना मिळू शकतो. सगळ्यांनी एकदम खेळावं, जसं ‘सेव्हन वंडर्स’मध्ये सगळे आपापला पत्ता निवडून एकत्र उघडतात. नाहीतर चाल इतकी छोटी करावी की वीस सेकंदांत संपेल. माझा बाजार पहिल्यांदा पाळीपाळीने भरत होता. तो एकत्र भरवायला लागले आणि तोच खेळ अर्ध्या वेळात संपू लागला.

वाट बघण्यापेक्षाही वाईट म्हणजे बाद होणं. मोनोपॉलीच्या घराण्यातल्या, आपल्याकडे ‘व्यापार’ म्हणून घरोघरी असलेल्या खेळात पहिला कंगाल झालेला मुलगा पुढचा तासभर इतरांचे पैसे मोजत बसतो. तासाभराच्या खेळात कुणालाही मधेच बाहेर काढू नका. पंधरा मिनिटांचा खेळ असेल तर चालेल.

कुरापतखोराकडे जरा थांबून बघू. खेळ बनवणारे एकतर त्याला हाकलून देतात, नाहीतर सगळा खेळ त्याच्या हाती देतात. बाजारात मी आधी ‘दरोडा’ नावाचा पत्ता ठेवला होता, समोरच्याच्या हातातले दोन पत्ते ओढून घेणारा. माझी नऊ वर्षांची भाची दुसऱ्या दरोड्यानंतर म्हणाली, “मावशी, मी जमवलेलं यानं का घ्यायचं?” मी त्याच दिवशी दरोडा काढून टाकला. तिचं बरोबर होतं. जमवलेलं मोडणं आणि पुढची वाट अडवणं यांत फार अंतर आहे. ॲलन मून यांच्या ‘टिकट टू राइड’मध्ये तुम्ही समोरच्याला हवा असलेला रेल्वेमार्ग आधी घेऊ शकता, पण त्याने घातलेले डबे उचलू शकत नाही. चरफड होते, रडू येत नाही. बाजारात कुरापतखोराला आता वेगळं हत्यार आहे: तुम्ही मिरची आणणार हे ओळखून तोही मिरची आणतो आणि भाव पाडतो. त्यात त्याचंही नुकसान होतं. खोडीला थोडी किंमत लावली की खोडकर जपून खोडी काढतो, आणि इतरांना ती बघायला मजा येते.

याहून वेगळी वाट वाघ-शेळी या पटावरच्या खेळाची. किल्ल्यांवर आणि देवळांच्या दगडी ओट्यांवर असे पट कोरलेले आजही दिसतात. नेपाळमध्ये खेळतात त्या बाघचालमध्ये चार वाघ आणि वीस शेळ्या. वाघ उडी मारून शेळी खातो, शेळ्या चहूबाजूंनी घेरून वाघांची हालचाल बंद करतात. झेप घेणाऱ्याला वाघ द्या, चिकाटीच्या माणसाला शेळ्या. स्वभावानुसार बाजू वाटण्याची ही सोय आपल्या जुन्या खेळांत आयती आहे आणि नव्याने खेळ बनवणाऱ्यांनी ती उचलावी. दोन्ही बाजूंचं पारडं सारखं आहे का, हे मात्र बाजू बदलून निदान वीस डाव खेळल्याशिवाय सांगू नका.

‘सगळे मिळून खेळू, भांडण नको’ म्हणून सहकाराचा खेळ बनवायचा मोह होतो. मॅट लीकॉक यांच्या २००८ च्या ‘पॅन्डेमिक’मध्ये सगळे एकजुटीने साथीशी लढतात. पण सहकाराच्या खेळात एक अनुभवी माणूस सगळ्यांच्या चाली सांगायला लागतो, आणि आपल्या घरांत तर वडीलधाऱ्याचा शब्द मोडायची सवयच नसते. बाकीचे मग नुसत्या सोंगट्या हलवतात. आंत्वान बोझा यांच्या ‘हनाबी’ने यावर सुरेख तोड काढली: आपले पत्ते इतरांकडे तोंड करून धरायचे, म्हणजे आपल्याला स्वतःचे सोडून सगळ्यांचे दिसतात, आणि इशारे मोजकेच. कुणा एकाला सगळं माहीतच नसतं, त्यामुळे आजोबांनाही नातीला विचारावं लागतं. सहकाराचा खेळ बनवणार असाल तर माहिती वाटून ठेवा. तुमच्या नियमांत ही वाटणी नसेल तर तो खेळ एकाचाच होईल.

साहित्यावर पैसे घालवू नका. जुन्या लग्नपत्रिकांचे पत्ते उत्तम होतात, बटणं आणि चिंचोके सोंगट्यांना पुरतात. पहिला पट देखणा झाला की तो खोडायला हात धजत नाही, म्हणून तो शिसपेन्सिलनेच काढा.

आणि मग खेळवून पाहणं. खरा खेळ इथे बनतो. आधी एकट्याने, चारही हात स्वतः खेळून. निम्म्या चुका तिथेच सापडतात. मग घरच्यांबरोबर. मग अशा लोकांबरोबर ज्यांना तुमचं मन राखायची गरज नाही, आणि तेव्हा तोंडाने नियम सांगायचे नाहीत. कागद द्या आणि गप्प बसा. ते नियम चुकीचे समजून खेळायला लागले तरी गप्प बसा. ती चूक कागदाची आहे, ती नोंदवा. मोबाइल कुणी, कितव्या मिनिटाला काढला ते लिहा. ‘आता कुणाची पाळी?’ हा प्रश्न किती वेळा आला ते लिहा. ‘आवडला का?’ असं विचारण्यात अर्थ नाही, पाहुणचाराला आलेला माणूस हो म्हणणारच. ‘अजून एक डाव मांडायचा का?’ असं विचारा आणि उत्तर येण्याआधी हात पत्त्यांकडे जातो की चपलांकडे ते बघा.

दोन डावांच्या मधे एकच नियम बदला. तीन एकदम बदललेत तर सुधारणा कशाने झाली ते कधीच कळणार नाही. आणि शक्य तिथे नियम काढा. माझ्या बाजारात आधी गाळे विकत घ्यायचे होते, बैलगाडीचं भाडं होतं, सावकार होता. तिन्ही गेले, आणि कुणीही त्यांची आठवण काढली नाही.

सुट्टी लागली की ६० पत्ते कापून आठवडी बाजार घरी मांडून पाहा. माझे भाव तुमच्या घराला जमतीलच असं नाही. चार खेळाडू असतील तर तिघांनी एकच माल आणण्याची वेळ कमी येते. तेव्हा दोघांचे तीन रुपये दोनवर आणून पाहा. पहिल्या डावात कोण आधी उठलं त्याचं नाव वहीत तारीख घालून लिहा, आणि पुढचा नियम त्या माणसाला विचारून बदला.